जनरेटरवाल्याची जागा

समारंभ मी पाहिला तो पाठींचा.
साताऱ्यात, पोवई नाक्यापासून जवळच्या मैदानावर,
रंगमंचाच्या मागं, डिझेलच्या दोन कॅनांमध्ये
माझी एक पाय लुळा असलेली प्लॅस्टिकची खुर्ची.
तुम्ही ज्यांना समोरून पाहिलंत
त्यांना मी मागून ओळखतो.

उत्कृष्ट अभिनेत्रीच्या पोलक्याला
तीन सेफ्टी पिना होत्या, चौथी कमी पडलेली.
उत्कृष्ट खलनायकाच्या कोटाला, कॉलरच्या आत,
भाड्याच्या दुकानाची चिठ्ठी :
नंबर सत्तावीस, सोमवारी परत.
दिग्दर्शक पायऱ्या चढता चढता थांबला,
म्हणाला, भाऊ, पाणी आहे का?
बाटलीला डिझेलचा वास होता.
घटाघटा प्याला, आणि वर जाऊन म्हणाला,
मी या मातीचा ऋणी आहे.

टाळ्या मागून वेगळ्याच ऐकू येतात.
पत्र्यावर कुणी वाटाणे ओततंय,
आणि मशीनच्या धडधडीत निम्मे सांडतायत.

जीवनगौरव रंगभूषाकार मारुती शिलवंतांना.
भाषणाची चिठ्ठी खिशात सापडेना.
एक खिसा, दुसरा खिसा, आतला खिसा,
शेवटी हाताला लागला तो पावडरचा पफ.
शाल द्यायला उभ्या बाईंच्या कपाळावर
माझ्या दिव्यांचा घाम होता.
त्यांनी तो टिपला. हळू. भुवईच्या वर दोनदा.
नमस्कार केला आणि उतरले.
तेवढंच भाषण.

मग श्रद्धांजली.
पडदा साध्या कापडाचा, मागून सगळं उलटं दिसतं,
भांग उलटे, नावं उलटी.
पाचवा फोटो आला तेव्हा मी नाव वाचलंच नाही,
तोंड बघूनच उठलो :
रावजी काळोखे, मेणवली.

घाटावर शूटिंग असलं की माझी मशीन असते
आणि मढं म्हणून रावजी असतो.
तीस वर्षं मरतोय माणूस.
श्वास दोन मिनिटं धरतो, माशी बसली तरी पापणी हलत नाही.
नुसतं पडून राहायचं असेल तर एक रेट,
तिरडीवर खांदा द्यायचा असेल तर दोनशे वर,
जेवण वेगळं.
परवाच तर माझ्याकडनं तंबाखू घेऊन गेला होता!

मैदान उठून उभं राहिलं.
संयोजकानं मला हातानं खूण केली, आवाज बंद कर.
मी खुणेनंच सांगितलं, मशीन बंद तर फोटोही बंद.
आणि पडद्याच्या फटीतून पाहिलं.

बाराव्या रांगेत, कडेच्या खुर्चीपाशी,
टोपी काढून, मान खाली घालून
रावजी उभा होता.

स्वतःसाठी. पूर्ण दोन मिनिटं.
जरासुद्धा हलला नाही.
कामाची सवय.

सगळे बसले. तो उभाच.
"झालं का?" म्हणाला. "मी हाय की हितं!"

आधी कुणी तरी हसलं,
मग वाटाण्यांचं अख्खं पोतं पत्र्यावर फुटलं.
मशीनचा आवाज त्या रात्रीत एकदाच
मला ऐकू आला नाही.

त्याला वर बोलावलं. द्यायला काही नव्हतं.
बाहुल्या मोजून आणलेल्या, नावं कोरलेली.
कुणाच्या तरी हातातला कंदी पेढ्यांचा बॉक्स
त्याच्या हातात गेला.
निवेदिका "चुकून" हा शब्द सहा वेळा म्हणाली.

मागच्या पायऱ्यांनी उतरला. सगळे उतरतात तसाच.
मला त्याचीही पाठ दिसली :
शर्टावर हिरवा डाग, घाटावरच्या गवताचा,
धुऊन धुऊन फिका झालेला.
डिझेलच्या कॅनावर बसला, बॉक्स उघडला,
एक मला, एक स्वतःला.

"फोटो बरा होता," म्हणाला.
"डोळं उघडं होतं."

बराच वेळ आम्ही चावत राहिलो.
मैदान रिकामं झालं, मी मशीन बंद केली,
तेव्हा कुठं अजिंक्यतारा दिसला, काळा, जागच्या जागी.

"टेंपो वाईवरनंच जाणार न्हवं?
मी फुडं बसतो," रावजी म्हणाला.
"मागं आडवं हून जायचा
आज कंटाळा आलाय."